चौकशीची खोली आणि अंगावरचे कपडे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेला हा माणूस पगारवाढीवर नाहीतर कामगार कायद्यावर बोलेल. आम्ही विषय कळवला तो असा : टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह मालिकांत संशयिताला प्रश्न विचारण्याचे जे प्रसंग असतात, त्यांत कपडे काय काम करतात. दुसऱ्या दिवशी फोन आला, "विषय लिहिण्यात काही गफलत तर झाली नाही ना?" आम्ही म्हटले, गफलत नाही. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते लेथवर, संघटनेच्या कचेरीत आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा पंडिती व्याख्यानाची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये. पण या विषयाशी आमचा पोटापाण्याचा संबंध आहे, आणि तो कसा ते पुढे ओघाने येईलच.

लहानपणी आम्ही बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके भाड्याने आणून वाचत असू. झुंजार आणि काळा पहाड ही मंडळी आमच्या आळीतच राहत असावीत इतकी ओळखीची झाली होती. त्या काळच्या रहस्यकथांचा प्राण म्हणजे वेषांतर. त्या वयात आमच्या ध्यानात आले नाही ते आता येते. वेषांतर करण्याचा मान नायकाला असे किंवा खलनायकाला असे. घरगडी, टांगेवाला, माळी यांना तो क्वचितच मिळे. त्यांनी दारात येऊन उभे राहायचे, मुंडासे हातात घ्यायचे आणि साहेब विचारतील त्याचे उत्तर द्यायचे. त्यांचा वेश हीच त्यांची अर्धी जबानी.

मग टीव्ही आला. १९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' सुरू झाली तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसून ती पाहत असू. पंकज कपूर काळा चष्मा लावून गाजर खात प्रश्न विचारी आणि आम्ही हसत असू. आज विचार केला म्हणजे वाटते, त्या काळ्या चष्म्यात गंमत होती तशी एक युक्तीही होती. विचारणाऱ्याला तुमचे डोळे दिसतात, तुम्हांला त्याचे दिसत नाहीत. अर्धी लढाई तेथेच संपते. पुढे १९९३ मध्ये बासू चटर्जी यांनी 'ब्योमकेश बक्शी' आणली. रजित कपूर धोतर-कुडत्यात येत. त्या वेशात दरारा नव्हता. पण शिकल्यासवरलेल्या घरंदाज माणसाचा तो वेश असल्यामुळे दिवाणखान्याचे दार त्याला सहज उघडे आणि स्वयंपाकघरातला नोकरही त्याच्यापुढे अदबीने बोले. सुती धोतरदेखील कोणी नेसले आहे यावर त्याचे वजन ठरते.

१९९८ पासून सोनी वाहिनीवर 'सी. आय. डी.' आली. ती २०१८ पर्यंत चालली, पंधराशेहून अधिक भाग झाले, आणि २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली. या मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग आणि त्यातले एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटम. या दोघांची जोडी मराठी प्रेक्षकांना त्याआधी 'एक शून्य शून्य'पासून माहीत होती. साटम एके काळी बँकेत रोखपाल होते. आम्हांला या गोष्टीचे कौतुक वाटते. काउंटरच्या जाळीमागे बसून नोटा मोजणारा माणूस अंगात कोट घालून कॅमेऱ्यासमोर उभा राहतो आणि घराघरांतली मुले त्याला पोलिसखात्याचा साहेब मानू लागतात. नटाचे कसब तर आहेच. पण कोटाचाही त्यात वाटा आहे.

आता प्रसंग कसा रचलेला असतो ते पाहा. अशा मालिकांतला अधिकारी बहुधा साध्या वेशात असतो. खाकी नाही, खांद्यावर तारे नाहीत. इस्त्रीचा शर्ट, वर कोट किंवा जाकीट. ओळखपत्र खिशातून निघते, क्षणभर दिसते आणि परत खिशात जाते. समोरचा माणूस मात्र जसा असेल तसा सापडतो. कोणी बनियनवर, खांद्याला पंचा. कोणी गॅरेजमधल्या काळ्या हातांनी. कोणी बाई पदराला हात पुसत चुलीपुढून उठलेली. येणाऱ्याने कपडे ठरवून घातलेले आहेत. ज्याच्याकडे तो आला आहे त्याला ठरवायला वेळ मिळालेला नाही. तोंडातून पहिला प्रश्न निघण्यापूर्वीच एक पारडे खाली गेलेले असते.

आम्ही काही महिने एक उद्योग केला. रात्री जेवताना निरनिराळ्या वाहिन्यांवर असले भाग पाहायचे आणि वहीत टिपायचे की, थप्पड कोणाला बसली आणि त्याच्या अंगात काय होते. घरातल्यांनी पुष्कळ थट्टा केली. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे, म्हणून आम्ही आकडे सांगत नाही. पण आमच्या पाहण्यात आले ते असे की, सुटाबुटातल्या संशयितालाही थप्पड बसते, मात्र पुरावा हाती लागल्यावर, भाग संपता संपता. मळक्या शर्टातल्या संशयिताला ती सुरुवातीलाच बसते, आणि पुढे तो निर्दोष ठरला तरी त्याची माफी मागण्यासाठी कोणी परत येत नाही. कथेला तेवढा वेळ नसतो. पाहणाऱ्या आपल्यालाही त्याची चुकचूक लागत नाही, कारण मळका शर्ट पाहिला तेव्हाच आपण मनातल्या मनात अर्धा निकाल दिलेला असतो.

आमच्या मुलाने हे ऐकून आम्हांला एक अमेरिकन मालिका मोबाइलवर दाखवली. 'कोलंबो' तिचे नाव. १९६८ साली तिचा पहिला चित्रपट टीव्हीवर आला आणि १९७१ पासून ती नियमित झाली. पीटर फॉक हा नट त्यात लॉस एंजेलिसच्या पोलिसखात्यातला लेफ्टनंट झाला आहे. अंगात चुरगळलेला जुना रेनकोट, केस विस्कटलेले, गाडी खटारा. तो रेनकोट फॉक यांनी स्वतःच्याच घरून आणला होता म्हणतात. खुनी बहुतेक वेळा बंगलेवाला, पैसेवाला, कडक कपड्यांतला. खून कोणी केला ते प्रेक्षकाला आरंभीच ठाऊक असते. पाहायचे एवढेच की, हा गबाळा माणूस त्या टापटिपीच्या माणसाला कसा पकडतो. श्रीमंत माणूस त्या रेनकोटाकडे पाहून गाफील राहतो, मनात हसतो, जरूरीपेक्षा अधिक बोलतो, आणि दारापर्यंत गेलेला कोलंबो परत वळून आणखी एक प्रश्न विचारतो.

मुलगा म्हणाला, "बघा बाबा, इथे तर गबाळाच जिंकतो. तुमचा सिद्धांत खोटा ठरला." आम्ही दोन दिवस विचारात पडलो. तिसऱ्या दिवशी उत्तर सापडले. त्या चुरगळलेल्या रेनकोटाच्या खिशात पोलिसाचा बिल्ला आहे. बिल्ला असणाऱ्याला गबाळे राहणे परवडते. ते त्याचे हत्यार होते. तोच रेनकोट घालून एखादा बिनबिल्ल्याचा गरीब माणूस त्या बंगल्याच्या फाटकाशी उभा राहिला असता तर माळ्यानेच त्याला हाकलले असते. तात्पर्य, कपडे उंची की हलके हा प्रश्न दुय्यम आहे. आपण काय घालून समोर जायचे हे ठरवण्याची मोकळीक कोणाला आहे, हा खरा प्रश्न. ज्याला ती आहे तो विचारतो, आणि ज्याला नाही तो उत्तरे देतो.

आपण म्हणाल, हे सारे मनोरंजन आहे; खऱ्या चौकशीचे काय? मौज अशी की, कायद्याने ही गोष्ट मालिकांच्या लेखकांपेक्षा अधिक ओळखलेली आहे. मालिका संपते कबुलीवर. संशयित ओरडून सांगतो, होय, मीच केले, आणि संगीत वाजते. पण पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ हेच सांगते. विचारणारा आणि उत्तर देणारा यांचे बळ त्या खोलीत सारखे नसते, हे दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्या सरकारच्याही ध्यानात आले होते.

दुसरी गोष्ट नावाच्या पट्टीची. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटक करणाऱ्या आणि जबानी घेणाऱ्या पोलिसांच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी पाहिजे. अटकेच्या वेळी नाव दिसले पाहिजे हा नियम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. पट्टी वीतभरही नाही. पण तिने सारा प्रसंग फिरतो. आरोपीचे नाव साहेबाला ठाऊक असतेच. या पट्टीमुळे साहेबाचे नाव आरोपीला ठाऊक होते. काळ्या चष्म्याच्या नेमके उलटे काम ती करते.

तिसरी गोष्ट बेड्यांची. १९८० साली प्रेमशंकर शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे पोलिसांचे असे नियम आले की, वरच्या दर्जाच्या कच्च्या कैद्याला गरज असेल तरच बेडी घालावी आणि सामान्य कैद्याच्या बाबतीत मात्र एवढा विचार नको. न्यायालयाने हा भेद घटनेच्या समतेच्या तत्त्वाला सोडून आहे असे ठरवले. वरचा दर्जा म्हणजे काय? शिक्षण, राहणी, समाजातले स्थान. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते सगळे कपड्यांवरूनच दिसायचे. चौथी गोष्ट, स्त्रीला साक्षीसाठी पोलिस ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरीच जाऊन विचारावे लागते. आपल्या घरात, आपल्या पाटावर बसलेली बाई वेगळे बोलते आणि ठाण्याच्या बाकड्यावर अंग चोरून बसलेली वेगळे बोलते. आणि पाचवी गोष्ट कॅमेऱ्याची. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलिस ठाण्यात चित्र आणि आवाज दोन्ही टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. मालिकेचा कॅमेरा साहेबाच्या खांद्यावरून संशयिताकडे पाहतो. छताला लावलेल्या कॅमेऱ्याने दोघांकडेही सारखेच पाहावे असा त्या आदेशाचा अर्थ आहे. ते कॅमेरे चालू राहतात की नाही हे पाहणे आपल्या सर्वांचे काम आहे.

येथे पोलिस शिपायाबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर आमच्याकडून अन्याय होईल. ज्या नाशकात त्र्यंबक रस्त्यावर पोलिस अकादमी आहे, तेथे उभे राहून त्याला विसरणे बरे दिसणार नाही. मुंबईचा जुना शिपाई आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल : निळी अर्धी चड्डी आणि पिवळी टोपी. साहेबाला पूर्ण पँट आणि शिपायाला गुडघ्याच्या वर चड्डी. चाळीस-पन्नास वर्षांचा बाप्या माणूस, त्याला शाळकरी पोरासारखे उघड्या पायांनी उभे केले जाई आणि सिनेमावाले त्यावर हशा वसूल करीत. १९८२ च्या ऑगस्टात, गिरणी कामगारांचा संप चालू असतानाच, मुंबईच्या पोलिस शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला. १९६६ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना आमच्यासारखी संघटना मोकळेपणे करता येत नाही. ज्याला वरून रोज गणवेशावरून बोलणी बसतात तो खाली कोणावर तरी ती काढतो. थप्पड मारणारा हातही पुष्कळदा कोणाचा तरी ताबेदार असतो, हे मालिकेत दिसत नाही.

आता आमच्या पोटापाण्याच्या संबंधाकडे येतो. कारखान्यात कामगारावर आरोप आला म्हणजे खात्यांतर्गत चौकशी होते. ती पोलिसांची नसते, पण खोली, टेबल आणि प्रश्न तेच असतात. साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचे आणि कामगाराचे नाव सांगत नाही. पितळेचे तुकडे बाहेर नेल्याचा आरोप होता. कामगार रात्रपाळी करून तसाच चौकशीला आला, कपडे तेलाने माखलेले. खोली वातानुकूलित, चौकशी अधिकारी कोटात. कामगार खुर्चीवर बसू लागला तेव्हा कोणीतरी "थांबा" म्हणाले आणि शिपायाने खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरले. खुर्ची खराब होऊ नये म्हणून. मग तो बसला. पुढच्या दीड तासात तो हलला की कागद वाजे आणि तो आणखी अंग आखडून घेई. प्रत्येक प्रश्नाला "होय साहेब" म्हणू लागला. ज्या गोष्टी त्याने आदल्या दिवशी आमच्यापुढे ठामपणे नाकारल्या होत्या त्यांनाही.

आम्ही त्याचे प्रतिनिधी म्हणून शेजारीच बसलो होतो. आमच्या अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट होता आणि आमच्या खुर्चीवर कागद नव्हता. आम्ही कायद्याचे चार मुद्दे काढले, हरकती नोंदवल्या. पण त्या कागदाबद्दल एक अक्षर बोललो नाही. तो मुद्दा आहे असेच आम्हांला वाटले नाही. त्याची नोकरी गेली. जिना उतरताना तो एवढेच म्हणाला, "भाऊ, तुमच्या खुर्चीवर नव्हता टाकला." हे वाक्य आम्ही आज पंचवीस वर्षे बरोबर वागवतो आहोत. टीव्हीवर बनियनवरचा माणूस दिसला की आम्हांला तो कागद वाजलेला ऐकू येतो.

त्यानंतर आम्ही संघटनेच्या कचेरीत दोन-तीन मापांचे पांढरे शर्ट धुऊन ठेवले. चौकशीला जाणाऱ्याने अंघोळ करून, शर्ट बदलून जायचे, आणि चौकशी रात्रपाळीनंतर लगेच ठेवू नये असा अर्ज द्यायचा. पुष्कळांना याचा उपयोग झाला. माणूस ताठ बसे, प्रश्न कळला नाही तर "परत विचारा" म्हणे. आमची खात्री झाली की आम्हांला उपाय सापडला.

पुढे एक तरुण कामगार आला. आम्ही शर्ट पुढे केला. त्याने तो परत दिला आणि म्हणाला, "भाऊ, हे डाग कामाचे आहेत. चोरीचे नाहीत. मी ह्याच कपड्यांत जाणार." आम्ही त्याला समजावले, थोडे रागावलोही. तो गेला तो त्याच कपड्यांत. खुर्चीकडे पाहून म्हणाला, "मी उभा राहूनच उत्तरे देतो," आणि सगळा वेळ उभा राहिला. निकाल विरुद्धच गेला. तो काही शर्टावर ठरणार नव्हता. प्रकरण कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आणि शेवटी तडजोड झाली. पण त्या दिवसाच्या कागदपत्रांत त्याचे एकही "होय साहेब" नाही, आणि तडजोड झाली ती त्यामुळेच.

मग आमच्या शर्टांचे काय? आम्ही चुकलो होतो काय? हे कोडे आम्हांला आपल्याच इतिहासात सुटले. १८८८ साली पुण्यात इंग्लंडच्या राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. जोतीराव फुले तेथे गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडी घेऊन; आणि जरीच्या कपड्यांतल्या मंडळींसमोर त्यांनी राजपुत्राला सांगितले की, खरा हिंदुस्थान या दागदागिन्यांत नाही, तो खेड्यांत आहे. जोतीराव कंत्राटदार होते, चांगला अंगरखा त्यांच्या घरी होता. घोंगडी त्यांनी निवडली होती. चाळीस वर्षांनी, १९२७ च्या डिसेंबरात, महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या बायाबापड्यांना नेमके उलटे सांगितले : ज्या लुगडे नेसण्याच्या तऱ्हेवरून आणि ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात दुरून ओळखली जाते, ती तऱ्हा आणि ते दागिने टाका. एकाने गरिबीची खूण अंगावर घेतली, दुसऱ्याने ती उतरवायला सांगितली. आणि आम्हांला दोघेही बरोबर वाटतात, कारण दोघांनीही निवड आपल्या हातात घेतली. रात्रपाळीहून आलेल्या त्या पहिल्या माणसाला निवड नव्हती. म्हणून आमच्या कचेरीत शर्ट आजही आहेत. पण ते घालावे की नाही हे आता आम्ही सांगत नाही, विचारतो.

शेवटी एक गोष्ट, आणि ती आपल्यासाठी. या पटांगणात बसलेल्यांपैकी फारच थोड्यांवर पोलिसांच्या खोलीत बसण्याची पाळी येईल. पण चौकशी करण्याची पाळी आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकावर येते. सोसायटीत सायकल चोरीला जाते आणि आपण वॉचमनला बोलावतो. शाळेत पोराची तक्रार येते आणि त्याच्या आईला हातातले काम टाकून यावे लागते. घरात अंगठी सापडत नाही आणि आपण धुणेभांडी करणाऱ्या मावशींना स्वयंपाकघरातून हाक मारतो. त्या हात पुसत येतात, ओल्या पदराने उभ्या राहतात. आपण सोफ्यावर असतो. या क्षणी आपणच त्या मालिकेतले साहेब असतो, आणि त्यांचा ओला पदर आपल्याला कबुलीजबाबासारखा दिसू लागतो.

अंगठी पुष्कळदा कपाटातच सापडते. मावशी मात्र दुसऱ्या महिन्यापासून यायच्या बंद झालेल्या असतात, आणि का, ते आपल्याला कळत नाही.

तेव्हा आमचे एवढेच मागणे आहे. विचारायचे असेल तर जरूर विचारा; चोरी ही चोरीच. पण पहिला प्रश्न विचारण्याआधी त्यांना हात कोरडे करू द्या, खुर्ची पुढे सरकवा, बसा म्हणा. आणि त्या खुर्चीवर कागद अंथरू नका.